गाणं चालू असताना

बाबा, काल मी आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये गायले. बर्फावर फळ्या टाकून स्टेज बांधलं होतं आणि छतापर्यंत माणसं होती. माझी कंट्री गाणी त्यांना पाठ होती. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी गाताना मी शेवटच्या रांगेकडे बघत होते.

इथे कॅनडात, रेजिना शहराहून दोन तासांवरच्या गावातली ती पहिली स्पर्धा. मी चौदा वर्षांची, गळ्यात गॅरेज सेलमधली गिटार. हॉलमध्ये शेतकरी, त्यांच्या बायका आणि आपण दोघं. दुसऱ्या कडव्यात मी एक सूर लांबवते, अलगद खाली उतरते, आणि तिसऱ्या रांगेतून तुमचा आवाज येतो, "वाह! क्या बात है!" सगळा हॉल वळून बघतो. कोणीतरी हसतं. मी पुढची ओळ विसरते.

परतताना मी गाडीत रडत होते.

"बाबा, प्लीज, मी गाताना बोलू नका."

"बोललो कुठे? दाद दिली."

"इथे गाणं संपल्यावर क्लॅप करतात."

"आणि तोवर? तोवर कुठे ठेवायची?"

"आय डोन्ट नो. खिशात ठेवा!"

पुढची चार वर्षं मी गाताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आठवडाभर हायवे खात्यातली नोकरी, शनिवारी मला घेऊन गाडी चालवणं. हिवाळ्यात हॉल, उन्हाळ्यात जत्रा, ट्रकच्या पाठीवर उभं केलेलं स्टेज. पुण्यातल्या गाण्याच्या बैठकींत वाढलेला माणूस शेवटच्या रांगेत ओठ मिटून बसायचा. घोडे, ट्रक, मोडलेली लग्नं, त्या गाण्यांतलं काहीच तुम्हाला आवडत नव्हतं. तरी एकदा मला दिसलं. चांगली जागा आली की तुमचा उजवा हात मांडीवरून बोटभर उठतो आणि डाव्या हाताने तुम्ही तो दाबून धरता. दर वेळी, नेमका तिथेच. माझ्या गाण्यातल्या ज्या जागा मला ठाऊक नव्हत्या, त्या तुम्हाला ऐकू येत होत्या. मी थक्क व्हायचे. घरी बेसमेंटमध्ये बसून, जिथे तुमचा हात उठला तेवढं ठेवायचे, बाकीचं बदलायचे. पुढे रेडिओवर गाजलं ते गाणं असंच झालं. ते लागलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. "बाबा, आता बोला," एवढं मी कधीही म्हणू शकले असते. दोनदा तर अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. तुमची वाहवा सगळ्या हॉलने ऐकली असती. तो हात फक्त मला दिसत होता.