नासके फोटो आणि माझा स्वच्छ फोल्डर

५ ऑगस्ट
मोठा दिवस! मंचरच्या प्राचीताईंची दोन ओपन सोर्स पॅकेजेस आहेत, म्हणजे कुणीही फुकट वापरावी अशी सॉफ्टवेअर. फोटोवरून माल चांगला की नासका ते ओळखतात, एक टोमॅटोचं, एक कांद्याचं. ती तपासायचे टेस्टचे फोटो दहा ठिकाणी विखुरलेत. ते एका सामाईक फोल्डरमध्ये लावायचं काम मी मागून घेतलं. महिनाअखेर जमलं तर मी मेंटेनर, म्हणजे फोल्डरचा अधिकृत कारभारी. पप्पांना सांगून टाकलं, मग नारायणगावच्या मार्केटात आपल्या टोमॅटोच्या गाळ्यावर बसणार नाही. म्हणाले, बगू.

९ ऑगस्ट
फोल्डरला नाव काय द्यावं? दिवस त्यातच गेला. पाया पक्का हवा.

१४ ऑगस्ट
प्राचीताईंचा फोन. कुठवर आलं? म्हटलं, लई पुढं गेलंय. (नाव ठरलंय.)

२१ ऑगस्ट
आम्हा जैनांचं पर्युषण कालपासून सुरू, कांदा वर्ज्य. अशा दिवसांत कांद्याच्या फोटोंना हात लावणं मनाला पटेना. मम्मीनं विचारलं, काल मंचरला भजी खाल्लीस ती कशाची? विषय तो नव्हता.

२४ ऑगस्ट, दुपार
सपाटा लावला. फोटो उघडतो तर अर्धे नासके! भेगा, काळे डाग, अळ्या. शी! असला माल चारचौघांत मांडायचा? आमच्या क्रेटचा वरचा थर बघा, कसा लालभडक असतो. पिढ्यांचे संस्कार आहेत राव. नासके सगळे डिलीट. कांद्यातलेही, डोळे मिटून.
टेस्ट चालवल्या. दोन्ही पॅकेजेस पास! प्राचीताईंना कळवलं. मेंटेनर जिनेश. काय रुबाब!

२६ ऑगस्ट
प्राचीताईंचा फोन. नासके फोटो कुठायत? म्हटलं, घाण होती, काढली. त्या म्हणाल्या, अरे बाबा, नासकं ओळखता येतं का तेच तर तपासायचं व्हतं! तुझ्या भरवशावर नवी आवृत्ती सोडली, आता ती सडक्या टोमॅटोलाही एक नंबर म्हणतीय.
नासके ठेवायचे असतात हे कुणी सांगितलं होतं का?

२७ ऑगस्ट
संवत्सरी. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. वा, आयताच मुहूर्त! 'मिच्छामि दुक्कडम्' लिहिलेला फुलांचा फोटो मावश्या, आत्या आणि प्राचीताईंना एका दमात पाठवला. ताईंचं लगेच उत्तर आलं: मनापासून माफ केलं, फोटो बॅकअपमधून परत आणले, फोल्डर आता माझ्या टीममधली वृषाली सांभाळेल.
रडू आलं. खरंच आलं.

२९ ऑगस्ट
गाळ्यावर. पप्पांनी नासका माल निवडायला बसवलं. म्हटलं, आता या कामात माझा हात कोण धरणार! दुपारी त्यांनी माझा नासक्यांचा ढीग उपसून पाहिला. अर्धा माल चांगला निघाला. पप्पा रागावले नाहीत. म्हणाले, तुझं ते कॉम्प्युटरचंच बग की परत.