अभिमनची मूठ

पिंप्राळा, जळगाव
ता. ७ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. कोकिळा हिस,
आजेसासूचा आशीर्वाद. इकडे बठ्ठे लहानथोर जेवूनखाऊन आहेत. शिंदखेड्याला तुझ्या आईबापाला नमस्कार सांग. अक्षराला हसू नकोस, दुसरीतून शाळा सोडलेल्या बाईचं एवढंच येतं.

तुझ्या सासऱ्यानं कार्ड टाकलं, अभिमनचा हात चालू झाला, निघून ये. रुपचंद माझ्या पोटचा आहे, खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. उरलेलं मी लिहिते.

कपाशीच्या गाडीवरून पडून तुझ्या नवऱ्याची मान मोडली तेव्हापासून त्याला खांद्याखाली काही कळत नाही, हे तू बघूनच माहेरी गेलीस. इथले व्यायामाचे डॉक्टर त्याच्या कोपराखाली दोन चकत्या चिकटवतात आणि तारेतून वीज सोडतात. बटण थोडं फिरवलं की बोटं वळतात. जास्त फिरवलं की मूठ आवळते. मी त्यात माझं बोट घातलं. आधी कोंबडीचं पिल्लू धरावं तसं धरलं. अभिमन म्हणाला, "डॉक्टर, अजून." मग असं दाबलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखनं का आजी?"

नाही म्हटलं, तर पोराचं तोंड उतरलं. मग म्हटलं, "दुखनं रे मुडद्या, सोड." तर हसला. पडल्यापासून पहिल्यांदा. रुपचंदनं तेवढंच बघितलं आणि कार्ड आणायला पळाला.

पण त्याला सोडता येईना. डॉक्टरांनी बटण मागे घेतलं तेव्हा मूठ सुटली. मी म्हटलं, आता तुझं तू धर. कपाळाच्या शिरा फुगल्या त्याच्या, बोट हललं नाही.

बाहेर डॉक्टर म्हणाले, "आजी, जोर विजेचा आहे. त्याचा स्वतःचा येईल असं मी म्हणणार नाही."

अभिमनला हे मला सांगावं लागलं नाही, त्याचं त्याला कळलं. काल भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आजी, तिले खरं लिही." मग म्हणाला, "आणि ती इकडे उनीच, तर डॉक्टरले सांग, बटण कमी फिरवा. तिना बोटं बारीक शेतस."

तेव्हा हातासाठी येऊ नकोस. माणसासाठी येणार असशील तर ये. दुसरं घर केलंस तर तुला कोणी नाव ठेवणार नाही, ठेवील त्याला मी बघते. फक्त त्याला दाराकडे बघत ठेवू नकोस. काय ते एका ओळीत कळव.

अजून तरी तुझी आजेसासू,
शेवंताबाई