जाड अस्तराचे पडदे आणि आपले सासरे

आदरणीय साडूभाऊ यांना,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (परवा शिडीवरून उतरताना कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढंच गोड मानून घ्यावं). तुमची साखर, ताईंचा गुडघा आणि गॅलरीतली कबुतरं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, तुमची मेहुणी आणि तुमच्या-माझ्या वाट्याला सामाईक आलेले सासरे. ते नगरसेवकाची निवडणूक हरले हे तुमच्या कानावर आलंच असेल. का हरले ते मात्र माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि पोटात ठेवून ठेवून मला अपचन झालं आहे.

निवृत्तीनंतर सासरे चार दिवसांसाठी आमच्याकडे आले होते, आठवतं ना? ते चार दिवस अजून चालू आहेत. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि बाहेरच्या खोलीत माझं पडदे कापायचं लांबलचक टेबल. त्या टेबलावर दिवसा सासऱ्यांची प्रचारसभा भरते आणि रात्री त्यांचीच गादी पडते (जमिनीवर त्यांना गार लागतं). मी कापड स्वयंपाकघराच्या ओट्यावर कापतो. एका बाईंनी परवा दिवाणखान्याचा नवा पडदा हुंगून विचारलं, याला कांद्याचा वास का येतोय? निवडून आलो की वॉर्ड ऑफिसजवळ खोली घेऊन तिथे राहायला जाईन, असा सासऱ्यांनी लेकीला शब्द दिला होता. तेव्हा अख्ख्या वॉर्डात त्यांच्या विजयासाठी माझ्याइतकं कासावीस कुणी नव्हतं. खुद्द तेसुद्धा नव्हते.

मी घरोघर फिरतो, म्हणून लोकांचा कल काढायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. आमचा वॉर्ड तुम्ही पाहिलेला नाही. वर टेकडी, तिथे बंगले. मधल्या उतारावर इमारती. आणि खाली नाल्याकाठी दाटीवाटीची वस्ती. मी मापं घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारत गेलो. टेकडीवर तर खिडक्या अशा, की भिंतीच विसरल्यासारख्या वाटतात. तिथे प्रत्येकाने सांगितलं, मत तुमच्या सासऱ्यांनाच (कारंज्याचं आश्वासन त्यांना फारच आवडलं होतं). उतारावर निम्मे हो म्हणाले, निम्म्यांनी विषय बदलून रॉडचा भाव विचारला. यावरून मी सिद्धांत काढला की पडद्याला चुण्या जितक्या जास्त, तितकं मत पक्कं. सासऱ्यांनी हा सिद्धांत सभेत स्वतःच्या नावावर सांगितला. नाल्याकाठी मी गेलोच नाही. का जाऊ? तिथल्या खिडक्या वहीएवढ्या, त्यांना कोण पडदे शिवून घेतो?

मग मी खाकी कागदावर वॉर्डाचा नकाशा काढला आणि आपली मतं शिंप्याच्या निळ्या खडूने रंगवली. साडूभाऊ, नकाशा निळाशार झाला! टेकडीवरच्या एकेका बंगल्याचं आवार म्हणजे एकेक मैदान. खालची वस्ती त्यापुढे बोटभर पट्टी, तीही घडीत गेली. सासरे नकाशा भिंतीला लावून त्याच्याकडे बघत चहा प्यायचे. त्या बोटभर पट्टीत माणसं किती राहतात हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. कागदावर जमीन दिसत होती आणि आम्ही दोघे जमिनीची मतं मोजत होतो.

इथवरही निभावलं असतं. पण मला उत्साह नडला. टेकडीवरच्या लोकांना आभारादाखल काहीतरी करावं म्हणून मी मतदानाआधी त्यांच्या झोपायच्या खोल्यांना जाड अस्तराचे पडदे निम्म्या दरात लावून दिले (याला लाच म्हणू नका, तो हंगामी सेल होता). माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चोख काम. उजेडाचा एक कवडसा आत येईल तर शपथ. शिवाय हे कापड आवाजही गिळतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी चिठ्ठ्या घेऊन बसलो. फाटक उघडायच्या आधीच नाल्याकाठची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्यांच्या खिडक्या पूर्वेला, आडवं काहीच नाही, ऊन थेट डोळ्यांवर. त्यात सासऱ्यांच्या विरोधात उभी असलेली बाई स्कूलबस चालवते. रोजच्यासारखा हॉर्न वाजवत ती गल्लीतून गेली असेल, तर तो प्रचार कसा म्हणायचा? वस्तीला पाण्याचा नळ आणून देते म्हणाली होती. आणि टेकडी? टेकडी चिडीचूप. ऊन चढलं तसा मी चढ चढून एकेक घंटी दाबत सुटलो. पहारेकरी म्हणाले, साहेब झोपलेत, आत अजून रात्र आहे. शेवटी एक निवृत्त डॉक्टर मफलर गुंडाळून सकाळचा फेरफटका मारायला म्हणून खाली आले, तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी मला सुप्रभात म्हटलं, सूर्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि पित्त झालं म्हणून परत वर गेले (बाकीच्यांचा दिवस उजाडला तोवर फाटक बंद झालं होतं). जाता जाता पडद्यांची तारीफ मात्र तोंड भरून केली.

निकालाच्या संध्याकाळी सासरे टेबलाशी बसून माझी मापाची टेप गुंडाळत होते. गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. तोवर मला फक्त माझं टेबल दिसत होतं.

ते म्हणाले, "जावईबापू, मी लोकांना नकोच होतो का हो?"

मी म्हणालो, "तसं नाही. हवे होतात. पण त्यांना जाग आली नाही."

निव्वळ धीर द्यायला बोललो. शब्दशः खरंही होतं ते. पण त्यांनी टेप खाली ठेवली, चेहरा उजळला, आणि म्हणाले, "म्हणजे मतं शाबूत आहेत. फक्त उठवायची आहेत."

तेव्हापासून पुढच्या निवडणुकीची तयारी सुरू आहे. टेबलावर. पाच वर्षं, साडूभाऊ.

ताईंना नमस्कार. कबुतरांना दाणे घालू नका, ती जात नाहीत. अनुभवाने सांगतो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. तुमचं घर तीन खोल्यांचं आहे. मी यापेक्षा जास्त काही लिहीत नाही.

ता. क. २. तुमचं घर उंचावर आहे की सखल भागात, असं सासरे कालपासून विचारताहेत. मी सखल म्हणून ठेवलं आहे. टेकडीवाल्यांवरचा त्यांचा विश्वास उडालाय. यापुढे पूर्वेच्या खिडकीशी, पडद्याशिवाय झोपायचं त्यांनी ठरवलं आहे. तुमची तिसरी खोली पूर्वेलाच आहे ना?

ता. क. ३. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र जो माणूस घेऊन आला आहे त्याला आधी आत घ्या आणि बसायला द्या. प्रवासात दमले असतील. पाकीट मी नीट चिकटवलं आहे, तरी उघडलेलं दिसलं तर काही झालंच नाही असं दाखवा.

ता. क. ४. पेटीत त्यांनी माझी टेप भरली आहे. मागू नका, असू दे त्यांच्याकडे. आणि पाच वर्षं वगैरे ठेवू नका हो, महिन्याभरात परत पाठवा. गाडी रात्रीची आहे, पण गादी गुंडाळून टेबल त्यांनी सकाळीच रिकामं केलं, आणि मी अजून स्वयंपाकघरातच कापतो आहे.