चाळीस शेळ्यांचा चार्ज

हिर्डोशी,
३ डिसेंबर २०२४

चि. रत्ना हिला म्हादूचे अ. आ.

इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. वाडीत रेंज मिळत नाही, तेव्हा हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्याकडे देतोय. तू सारोळ्याच्या कारखान्यात गेलीस त्याला सहा आठवडे झाले आणि तुझ्या चाळीस शेळ्यांनी मला मेटाकुटीला आणलंय. पुण्यात नऊ वर्षं टेम्पो चालवला. मालकाने धंदा बंद केला म्हणून घरी आलो, पण टेम्पो वळवला की वळायचा तरी. मागच्या आठवड्यात भुरी शेळी रानातच राहिली. दोन दिवसांनी घाटाच्या बाजूला सापडली, बिबट्याच्या तोंडातून वाचली म्हणायची.

गेनबाकाका चिडले आहेत. शेळ्यांना रत्नीचाच आवाज कळतो, महिनाअखेर तिला माघारी यायला सांग, न्हाईतर कळप विकून टाकतो, असं म्हणाले. बाबांच्या मागे त्यांनीच आपल्याला सांभाळलं, त्यांना मी काय बोलणार? तिथे तू वायरी गुंडाळतेस, तेही लहान पोरीच्या हाताखाली. इथे मालकीण होतीस. ये परत, तुझ्या दादाचं ऐक.

तुझा,
म्हादू


सारोळे,
५ डिसेंबर २०२४

ती. दादास रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

आधी उत्तर देते, मग बाकीचं. मी परत येणार नाही. माझी तीन महिन्यांची उमेदवारी जानेवारीत संपते. त्याआधी खाडे करून ही जागा मला घालवायची नाही.

वायरी गुंडाळत नाही, गाड्यांच्या दिव्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. आणि हो, फौजियाच्या हाताखाली शिकले. भोरची आहे, माझ्याहून सात वर्षांनी लहान. इथे नव्या माणसाला तीन आठवडे जुन्या माणसाशेजारीच बसवतात, आणि शंभरदा विचारलं तरी जुन्या माणसाने कपाळाला आठी घालायची नाही असा नियमच आहे. तो नसता तर मी चौथ्या दिवशी पळून आले असते.

तिसऱ्या दिवशी भोंगा झाला तरी मी टेबल सोडेना. अर्धवट जुडगा परक्या बाईच्या हाती द्यायचा कसा? दुसऱ्या पाळीची बाई ताटकळत उभी. फौजियाने मला उठवलं आणि सांगितलं की चार्ज द्यायचा असतो. काय झालं, काय राहिलं, कुठली वायर नडतेय ते बोलायचं, तिची सही घ्यायची, मग ते काम तिचं. दादा, त्या संध्याकाळी मी रिकाम्या डोक्याने बसची वाट पाहिली. गोठ्याचं दार लावून झाल्यावरही मला आयुष्यात कधी असं वाटलं नव्हतं.

लाज वाटते ती एवढ्याचीच, की तुला मी चार्ज दिला नाही. काठी हातात दिली आणि एसटी धरली. चंद्री वळली तरच बाकीच्या वळतात, भुरी गाभण असली की मागे रेंगाळते, हे कोण सांगणार होतं? रविवारी येते. तुझ्याबरोबर रानात फिरेन, हाक मात्र तू घालायचीस. तुझा जम बसेपर्यंत दर रविवारी येईन, पण सोमवारी सकाळी मी माझ्या टेबलावर असेन. काकांना नमस्कार सांग, आणि हेही सांग की कळप विकायचा की नाही ते रोज त्याच्यामागे फिरणारा माणूस ठरवेल.

रागावलास तरी लोभ असू दे.

तुझी,
रत्ना


हिर्डोशी,
१७ डिसेंबर २०२४

चि. रत्नास अ. आ.

पहिल्या रविवारी तू माझ्या हाकेला पोट धरून हसलीस, ते मी विसरलेलो नाही. आता चंद्री वळते. लगेच नाही, जरा भाव खाऊन वळते. भुरी व्याली, दोन करडं आहेत.

काल काका दोन व्यापारी घेऊन आले. त्यांच्यापुढे बोलायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. तरी कळप विकायचा नाही म्हणालो. काका भडकले. तू डायवर मानूस, तुला शेळ्यांतलं काय कळतं, रत्नी कवा येतीया ते सांग, म्हणाले. मी सांगितलं की रत्ना येणार नाही, ती कामावर आहे. आणि मीही कामावर आहे, तेव्हा मला रानात जाऊ द्या.

ते आणि व्यापारी दारात उभे राहिले. मी शेळ्या घेऊन गेलो.

काकांचा अबोला सुटेल तेव्हा सुटेल, तू माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
म्हादू