मागच्याला वाट

३ ऑक्टोबर
पर्थहून निघताना धुकं होतं, इथे लख्ख ऊन. हॉटेल म्हणजे कुणा जुन्या स्कॉटिश सरदाराची दगडी हवेली. जिन्यावर हरणांची शिंगं, खिडकीखालीच गोल्फचं मैदान. हृदयाच्या ऑपरेशननंतर फर्गस पहिल्यांदाच खेळणार आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी माझं लक्ष त्याच्या श्वासाकडेच. मालकीण डलगार्नोबाईंनी गरम स्कोन वाढता वाढता बजावलं, मैदानावर मागून कुणी आलं तर त्याला पुढे जाऊ देऊ नका, खुशाल ताटकळू दे. फर्गस हसला. संथ खेळणाऱ्याने मागच्याला वाट द्यायची, हे त्याला बोलायला यायच्या आधी शिकवलं असेल.

४ ऑक्टोबर
आमच्या मागे एकटाच माणूस, तपकिरी कोटातला. आम्ही थांबलो की थांबायचा. चढावर फर्गसला दम लागला. त्याने हात करून त्या माणसाला पुढे जाऊ दिलं. तो अगदी जवळून गेला. मान हलवली नाही, चेंडूही मारला नाही. टेकाडापलीकडे कुणीच नव्हतं. फर्गस मात्र थांबून राहिला. म्हणाला, त्यांचं होऊ दे.

डलगार्नोबाईंनी ऐकून किटली खाली ठेवली. "तुमचे यजमान भलतेच सभ्य हो," त्या म्हणाल्या. "एकदा वाट दिली की माणूस देतच राहतो. स्वतःची जागा उरत नाही तोवर."

५ ऑक्टोबर
न्याहारीला फर्गसने खुर्ची ओढली आणि शेजारी उभा राहिला. लापशी निवली. बसला नाही. मी त्याचा हात धरला. नाडी लागली, पण फार दुरून. उद्या घरी.

६ ऑक्टोबर, सकाळ
रात्रभर उभाच होता. पलंगावर त्याच्या बाजूची गादी दबलेली. उबदार.

गाडीत
बॅगा ठेवल्या. इंजिन चालू. फर्गसने माझ्या शेजारचं दार उघडलं — धरून उभा आहे. अरे, बस ना, म्हटलं. तर म्हणाला, "आधी त्यांना, इशबेल."

गाडी त्या बाजूला खचली.

त्याने दार लावलं. बाहेरून. हात करतोय मला — पुढे जा म्हणून. मी नाही जाणार. काचेतून त्याचा चेहरा नीट दिसत —

शेजारच्या सीटचा पट्टा ओढला गेला.

शेजारून कुणी म्हणालं, निघू या. आवाज फर्गसचा. पण फर्गस तर अजून बाहे—