गरम दांड्याचं माप

प्रिय लोवेलदादा,

आज कॉलेजात लेथची शेवटची परीक्षा होती. पास झाले असते, तर तू तुझ्या कारखान्यातल्या साहेबाकडे शब्द टाकून राखलेल्या जागेवर शुक्रवारी रुजू झाले असते.

पोलादाचा दांडा यंत्रावर कातून झाला आणि घाईत मी तो लगेच मोजला. माप तंतोतंत! रुस्का मास्तर म्हणाले, "वा, नोरीन! चव्वेचाळिसाव्या वर्षी पोरांना लाजवलंस." ते निकालावर सही करायला वाकले, तेव्हा माझी बोटं दांड्यावर होती आणि तो अजून गरम होता. गार झाला की आकसणार, माप कमी भरणार. सही अर्धी होईपर्यंत मी गप्प होते, दादा.

मग म्हटलं, "मास्तर, थांबा. मी गरमच मोजलाय."

"बाई गं, सही करण्याआधी तरी बोलायचंस!"

दांडा गार होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. माप इंचाच्या अर्ध्या हजारांशाने कमी; नापास.

फेरपरीक्षा सोमवारी आहे. जागा तोवर राखायला सांग, एवढंच लिहायला बसले होते. पण तू त्या साहेबापुढे पुन्हा हात जोडावेस, हे मला सोसवणार नाही. पत्र टाकत नाही. शुक्रवारी मी दिसले नाही की तू फोन करशीलच. तो उचलायचं बळ तोवर गोळा करते.

तुझी,
नोरीन