टोकं कोण धरतं

३ सप्टेंबर, बुधवार. पवनी

परवा आईची केमोची आठवी सुई झाली. बारापैकी आठ. दर सोमवारी नागपूर, मंगळवारी ती झोपून, बुधवारी पुन्हा हातमागावर. थांब म्हटलं तर ऐकेल ती आई कसली. मी पुण्याहून लॅबची दोन महिन्यांची रजा काढून आलेय, पण कामाने पाठ सोडलेली नाही. सरांना पेशींच्या फोटोंची मोजणी वीस तारखेच्या आत हवी. आज चाळीस पेशी. मान आखडली.

५ सप्टें., शुक्र.

आईने विचारलं, दिवसभर काय पाहत बसतेस? दाखवलं. पेशीत बारीक नळ्या असतात, त्यांच्यावरून माल इकडून तिकडे जातो, इतकंच सांगितलं. पेशीच्या पडद्याला आतून लागून काही प्रथिनं ठिपक्याठिपक्यांनी जमतात आणि त्या नळ्यांची टोकं पकडून ठेवतात. त्यांतलं एक माझ्या अभ्यासाचं. डाव्या फोटोत ते आहे, उजव्या फोटोत काढून टाकलंय. हे सांगायचं बाकीच होतं, तर ती म्हणाली, "इकडचे टोकं कोनं धरून ठेवले? तिकडचे काहून मोकाट सुटले?"

चार वर्षं घातली मी एवढं कळायला. मग डोळे खराब करू नको म्हणाली आणि गेली. एरवी मी सगळ्या लॅबला फोन करून सांगितलं असतं. केला नाही.

८ सप्टें., सोम. नागपूर–पवनी

नववी. डॉक्टर मॅडमनी आईला डोळे मिटायला लावून बोटांवर कापूस फिरवला. कळतंय का? आईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मीच बोलले, चाळीस वर्षं माग चालवतेय, बोटांची टोकं आधीपासूनच टणक आहेत, कापूस नाहीच कळायचा. मॅडम हसल्या, कागदावर काहीतरी लिहिलं. सुई सुरू.

परतताना बसमध्ये आई म्हणाली, बरं बोलली तू. मला वाटलं कौतुक.

१० सप्टें., बुध.

मागावरचा एक उभा धागा तुटला. कोसा रेशमाचा. हे तर रोजचं. आई शेजारणीशी गप्पा मारत, न बघता सांधते. आज धागा दोनदा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा तिने तो उचलून ओठांना लावला. ओठांनी टोक चाचपलं, मग नजर रोखून पीळ दिला.

मी दारात उभी होते. हात बघू म्हटलं. तर्जनीवर फोड, तव्याचा. कधी भाजलं, तिला माहीत नाही.

"कधीपासून?"

"पाचव्या सुईपासून. पायालेही."

११ सप्टें.

आईच्या सुईतलं हेच औषध मी लॅबमध्ये पेशींवर थेंब थेंब घालते. नळ्या एरवी मोडत-जुळत असतात. या औषधाने त्या गच्च होतात, मोडतच नाहीत. मग गाठीच्या पेशींना वाढता येत नाही, म्हणून तर देतात. पण नसांमध्येही त्याच नळ्या. लांबच्या टोकांपर्यंत माल पोचत नाही. हाताची बोटं, पायाची बोटं आधी. नव्या पोरांना मीच शिकवते हे. आणि सोमवारी मॅडमना काय सांगितलं, तर टणक हात. हुशार मुलगी.

रडू आलं नाही. भांडी घासली. स्वतःचा राग येतोय, पण तोही लांबून.

१२ सप्टें., शुक्र.

आईशी बोलले. खरं तर तीच बोलली. "मॅडमले सांगू नोको. थे दवाई कमी करतीन. बोटं गेले तं गेले, मले पुरी पायजे."

मी म्हटलं, कमी म्हणजे बंद नव्हे. आत्ता आवरलं तर बोटं सुधारू शकतात, पुढे गेलं तर सांगता येत नाही. तिने विचारलं, कमी केल्यावर गाठ परत येणार नाही, हे सांगता येते का?

नाही म्हटलं.

"मंग?" आणि ताण्यातून धोटा फेकला, विणणं पुन्हा सुरू. बोलणं संपलं.

१४ सप्टें., रवि.

मोजणी पाठवली. सरांचं उत्तर, फार छान. वाचलं, फोन ठेवून दिला.

संध्याकाळी आईने विणलेली साडी मागावरून उतरली. पदराजवळ दोन गाठी वर आल्यात. तिच्या हातच्या कापडात गाठ मी जन्मात पाहिली नव्हती. तिने तेवढा भाग आत घेऊन घडी घातली. मी ती घडी कपाटात ठेवली.

१५ सप्टें., सोम. नागपूर

आमचा नंबर सतरा, आत चौदावा. वही मांडीवर.

बसमध्ये तिने एकदाच विचारलं, काय सांगणार हायेस? माहीत नाही म्हटलं. खरंच नाही. सांगितलं आणि गाठ परत आली, तर ते माझ्यामुळे. नाही सांगितलं तर हात माझ्यामुळे. ती नको म्हणतेय, तिचंच शरीर आहे. पण त्या दिवशी मॅडमना खोटं तिने नाही, मी सांगितलं.

पंधरावा गेला.

आईने माझा डावा हात धरलाय. बांगडी रुततेय, माझी बोटं पांढरी पडलीत. किती जोरात धरलंय ते तिला कळत नाहीये. हळू धर म्हणायला हवं. म्हटलं तर तिला बधिर बोटंच आठवतील. म्हणून उजव्या हाताने लिहीत बसलेय.

सोळावा आत गेला.